असन्निधानीचे अनन्य शरण : आचार्य श्रीनागदेव यांचे चरित्र

दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेच्या खोऱ्यात भूमी हादरली. पाटण तालुक्यातील कोयनानगर ही धरणाच्या आश्रयाने वसलेली वस्ती. गाढ झोपेतील माणसांवर तेथील घरांच्या भिंती कोसळल्या. सुमारे साडेसहा तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली आणि वस्तीतील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले. धरण मात्र उभे राहिले, आणि पुढे ते अधिक बळकट करण्यात आले.

ज्या भूमीवर पाय ठेवून मनुष्य सगळे व्यवहार करतो, ती भूमीच हलली म्हणजे त्याला आधार कशाचा? अशा क्षणी आस्तिकाच्या मुखातून परमेश्वराचे नाव आपोआप निघते. पुष्कळदा नास्तिकाच्याही निघते. ते नाव निघणे चांगलेच. परंतु संकटात हाक मारणे आणि संकटात शरण जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हाक क्षणाची असते आणि भूमी स्थिर झाली की थांबते. शरणागती ही त्या क्षणानंतरच्या दिवसांची, महिन्यांची आणि वर्षांची गोष्ट आहे. हा भेद शब्दांनी सांगण्यापेक्षा एखाद्या चरित्रात पाहिला तर अधिक स्पष्ट होतो.

कोयनानगर ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात फलटण आहे. ते श्रीचक्रपाणी प्रभूंचे अवतारस्थान. द्वारावतीस त्यांच्यापासून श्रीगोविंदप्रभूंनी शक्ती स्वीकारली, आणि श्रीगोविंदप्रभूंपासून सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर ज्यांच्या पायांखालची भूमीच जणू निघून गेली, आणि तरीही ज्यांनी पंथ उभा ठेवला, ते पंथाचे पहिले आचार्य श्रीनागदेव म्हणजेच भटोबास. संकटातील शरणागतीचे याहून निकटचे उदाहरण साधकाला क्वचितच मिळेल.

पूर्ववय आणि वेध

श्रीनागदेवांचा जन्म इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. महाराष्ट्रावर तेव्हा देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. आबाइसा या त्यांच्या माता, उमाइसा या भगिनी आणि महदाइसा या चुलत भगिनी. ही सर्व मंडळी पुढे सर्वज्ञांच्या परिवारात आली. नागदेवांचे पूर्ववय मात्र संयमाचे नव्हते. घरच्यांना त्यांची काळजी वाटावी असेच त्यांचे वर्तन होते, आणि पुढे हाच पुरुष पंथाचा आचार्य होईल असे त्या काळी कोणाला सांगितले असते तर ते पटले नसते.

सर्वज्ञांच्या दर्शनाने हे सर्व पालटले. पंथाच्या परिभाषेत ज्याला वेध म्हणतात, त्याचे नागदेव हे ठळक उदाहरण. आधी तर्काने पटवून घ्यावे, मग स्वीकारावे, असा त्यांचा क्रम नव्हता. सन्निधानाची ओढ आधी लागली, आणि त्या ओढीतून बोध दृढ होत गेला. घरदार सोडून ते अनुसरले. पुढची काही वर्षे त्यांनी सर्वज्ञांबरोबर गोदातीरीच्या प्रदेशात अटन, भिक्षा आणि सेवा यांत घालवली. जे विचारावयाचे ते सर्वज्ञांना विचारावे, आणि चुकले तर सर्वज्ञांनी सुधारावे, असा तो काळ होता. साधकाच्या जीवनातील याहून सुरक्षित स्थिती कल्पिता येत नाही.

त्या काळातील धर्मव्यवहाराचे चित्र येथे लक्षात घेतले पाहिजे. यादवांचे मंत्री हेमाद्री यांचा चतुर्वर्गचिंतामणी हा ग्रंथ त्याच काळातला. त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रतांचे विधान आहे. रोग, दारिद्र्य, अपत्यहीनता, वैधव्याचे भय, शत्रूचे भय अशा निरनिराळ्या अडचणींसाठी निरनिराळ्या देवता आणि निरनिराळे विधी होते. संकट आले की त्या संकटाला योग्य अशी देवता शोधावी, तिला काही अर्पण करावे आणि मोबदल्यात संकटनिवारण घ्यावे, असा तो व्यवहार होता. सर्वज्ञांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत असे निरूपण केले. देवतेचे फळ परिमित आहे आणि जीवाला बंधनातून सोडविणारा केवळ परमेश्वर आहे, हे त्यांनी लोकांच्या भाषेत सांगितले. या निरूपणाचा परिणाम प्रार्थनेवर होणे अपरिहार्य होते. ज्याने परमेश्वराचा आश्रय केला त्याने संकटसमयी दुसऱ्या दारी जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ नाही. परमेश्वराच्या दारीही सौदा करू नये, हा त्यातील अधिक कठीण भाग आहे.

संकटाचे स्वरूप

श्रीनागदेवांवर आलेले संकट धनाचे, देहाचे किंवा कुटुंबाचे नव्हते. प्रस्थापित धर्माधिकाऱ्यांचा विरोध वाढत गेला, सर्वज्ञांना छळ सोसावा लागला, आणि इसवी सन १२७४ च्या सुमारास त्यांनी उत्तरापंथे गमन केले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या परिवाराला ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची आज्ञा दिली होती, आणि परिवाराचा भार नागदेवांवर ठेवला होता.

सामान्य मनुष्याचे संकट हे असते की त्याच्यापासून काही हिरावले जाते, आणि ते परत मिळावे म्हणून तो परमेश्वराकडे धावतो. नागदेवांची स्थिती याहून बिकट होती. ज्यांच्याकडे धावावयाचे, त्यांचाच वियोग झाला होता. ज्या चरणांशी गाऱ्हाणे घालावयाचे, ते चरणच डोळ्यांपुढे नव्हते. पंथात या स्थितीला असन्निधान म्हणतात, आणि नागदेवांनंतरच्या सर्व साधकांची स्थिती तीच आहे. म्हणून त्यांचे संकट हे त्यांच्या एकट्याचे राहत नाही. जो जो साधक उत्तर न देणाऱ्या अंधारात प्रार्थना करतो, त्या प्रत्येकाचे ते संकट आहे.

या वियोगाने श्रीनागदेव कोसळले. स्मृतिस्थळ या ग्रंथाने त्यांचे हे दुःख झाकून ठेवलेले नाही. अन्नपाण्याची वासना सुटावी, देहाचे भान राहू नये, अशी त्यांची अवस्था झाली. पंथाच्या पहिल्या आचार्यांचे चरित्र सांगताना त्यांच्या धैर्याचे वर्णन करावे आणि शोक गाळावा, असे पूर्वजांना वाटले नाही, यात मोठे तात्पर्य आहे. परमेश्वराच्या वियोगाचे दुःख हा भक्ताचा दोष नव्हे. ती आर्ती आहे. ज्याला दुःखच झाले नाही त्याच्या शरणागतीला खोली कोठून येणार? संकटात रडू आले म्हणून आपली श्रद्धा कमी पडली, असे समजून जो वासनिक मनातल्या मनात लाजतो, त्याने भटोबासांचे हे दुःख आठवावे.

परंतु दुःखालाही एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आज्ञेची आहे. नागदेव त्या दुःखातच देह टाकते, तर त्यांच्या प्रेमाची कीर्ती कदाचित झाली असती. पण सर्वज्ञांनी सांगितलेले राहून गेले असते. ऋद्धिपुरास जा, ही आज्ञा त्यांच्या दुःखाहून मोठी होती. सोबतच्या अनुसरलेल्या मंडळींनी त्यांना सावरले, आणि सर्व परिवार ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या चरणी आला. स्वतः उठण्याचे बळ नव्हते, तेव्हा ते दुसऱ्याच्या आधाराने उठले. शरण जाणाऱ्याने सोबत्याचा हात नाकारू नये, कारण परमेश्वराचे साहाय्य पुष्कळदा सोबत्याच्याच हाताने येते.

ऋद्धिपूर : उत्तराविना सेवा

आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे क्षेत्र. गावातील लोक त्यांना आई आणि बाप या दोन्ही ठिकाणी मानीत. कोणाच्या घरी अडचण आली, एखादी स्त्री बाळंतपणात अडली, तर त्यांचा धावा होई. जातीचा उच्चनीच भाव त्यांच्या वर्तनाला शिवत नव्हता. मात्र त्यांची लीळा लोकविलक्षण होती. बालकासारखा खेळ, अकस्मात कोप, अकस्मात प्रसन्नता, आणि निरूपण जवळजवळ नाहीच.

श्रीनागदेवांच्या दृष्टीने ही मोठी कसोटी होती. सर्वज्ञांजवळ प्रश्नाला उत्तर मिळत असे. येथे प्रश्न विचारण्याचीच सोय नव्हती. श्रीप्रभूंनी वस्तू आणावयास सांगावी आणि आणल्यावर ती टाकून द्यावी. जवळ येऊ द्यावे आणि दुसऱ्या क्षणी दूर लोटावे. का, हे सेवकाने विचारू नये. वियोगाने आधीच विदीर्ण झालेल्या मनुष्याला सांत्वनाचा एखादा शब्द मिळावा, अशी अपेक्षा कोणीही केली असती. नागदेवांनी ती अपेक्षा धरली नाही. सुमारे बारा-चौदा वर्षे त्यांनी श्रीप्रभूंची सेवा केली.

येथे प्रार्थनेचा एक गूढ भाग उलगडतो. संकटात प्रार्थना केली आणि उत्तर आले नाही, म्हणजे प्रार्थना ऐकली गेली नाही, असा निष्कर्ष मनुष्य घाईने काढतो. नागदेवांचे ऋद्धिपुरातील जीवन सांगते की उत्तर न येणे हीही सन्निधानाचीच एक रीत असू शकते. उत्तर मिळाले म्हणून केलेली सेवा आणि उत्तर मिळो न मिळो, सांगितले म्हणून केलेली सेवा, यांत दुसरी श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात सेवकाचे स्वतःचे मागणे उरलेले नसते.

हा काळ केवळ कष्टाचा होता असेही नाही. श्रीप्रभूंना विवाहखेळाची प्रवृत्ती झाली तेव्हा महदाइसांनी श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहाचे धवळे रचले. मराठीतील आद्य कवयित्रीची ती रचना या दुःखी परिवारातूनच निर्माण झाली. महदाइसा स्वतः बालविधवा होत्या. त्यांनी विषय निवडला तो रुक्मिणीदेवींचा. बंधूने दुसऱ्याला देण्याचे ठरविले असताना जिने अन्य कोणाचे साहाय्य न मागता श्रीकृष्णांनाच शरण जाऊन निरोप धाडला, ती रुक्मिणी. संकटातील अनन्य शरणागतीचे आख्यान संकटातून गेलेल्या स्त्रीच्या मुखाने गायले जावे, हे योग्यच झाले.

स्मरणातून ग्रंथ

ऋद्धिपुरात श्रीनागदेवांचा नित्यक्रम स्मरणाचा होता. सर्वज्ञांनी कोठे काय केले, कोणाला काय सांगितले, कोणत्या ओट्यावर आसन केले, हे ते एकांतात आठवीत. नाम, लीळा, चेष्टा आणि मूर्ती यांचे स्मरण हेच असन्निधानी साधकाचे साधन होय. त्या काळात सराळ्याचे म्हाइंभट हे थोर पंडित परिवारात होते. भटोबास नित्य कशाचे मनन करतात याची त्यांनी विचारपूस केली. ते सर्वज्ञांच्या लीळांचे मनन आहे असे कळताच, त्या लीळा आपल्याला सांगाव्यात, म्हणजे पुढच्यांनाही त्यांचे स्मरण घडेल, अशी त्यांनी विनंती केली.

त्या विनंतीतून लीळाचरित्र निर्माण झाले. म्हाइंभटांनी ज्याला ज्याला लीळा घडल्या होत्या त्याच्याकडे पायी जाऊन त्या मिळवल्या, आणि भटोबासांकडून त्या शोधून घेतल्या. मराठीतील हा आद्य गद्यचरित्रग्रंथ मुळात काय आहे? तो एका शोकाकुल शिष्याचा नित्यस्मरणाचा नेम आहे. वियोगाचे दुःख तसेच राहिले असते तर एका देहाबरोबर संपले असते. ते स्मरणात ओतले गेले, म्हणून सातशे वर्षांनंतरच्या साधकालाही त्याचा आधार आहे.

शरणागतीची ही तिसरी पायरी म्हटली पाहिजे. पहिली आज्ञेनुसार उठणे, दुसरी उत्तराविना सेवा करणे, आणि तिसरी आपल्याला मिळालेले दुसऱ्याच्या हाती देणे. संकटात सापडलेला मनुष्य स्वतःभोवती मिटत जातो. ज्याने स्वतःला खरोखरी परमेश्वराच्या स्वाधीन केले, त्याचे लक्ष हळूहळू शेजारच्या दुःखिताकडे वळते. आपली प्रार्थना शरणागतीची आहे की भयाची, हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

दुसरा वियोग आणि आचार्यपद

इसवी सन १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनी ऋद्धिपूर येथे देहत्याग केला, आणि नागदेवांवर वियोगाचा दुसरा प्रसंग आला. पहिल्या वेळी ऋद्धिपुराचा आश्रय तरी पुढे होता. या वेळी पुढे कोणीही नव्हते. सर्व परिवार आता त्यांच्याकडेच पाहत होता. पहिल्या वियोगात ज्यांना दुसऱ्यांनी सावरले, त्यांनी दुसऱ्या वियोगात दुसऱ्यांना सावरले. मधल्या वर्षांच्या सेवेने आणि स्मरणाने त्यांच्यात जे घडले, त्याची साक्ष यातच मिळते.

पुढे गोदातीरी परतून त्यांनी पंथाचा भार वाहिला. सर्वज्ञांच्या वचनांचे सूत्रपाठाच्या रूपाने संकलन करणारे केशिराजबास, दामोदर पंडित, कवीश्वर भास्कर यांच्यासारखे विद्वान त्यांच्या परिवारात होते. स्वतः आचार्यांना पांडित्याचा अभिमान नव्हता. केशिराजबासांनी संस्कृतात रचना आरंभिली, तेव्हा त्यांनी ती पुढे चालू न ठेवण्याविषयी सांगितले. सर्वज्ञांनी मराठीत निरूपण केले होते, आणि संस्कृताचा अवलंब केल्यास परिवारातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. दुःखात शेवटचा आधार स्वतःच्या भाषेतील शब्दांचाच असतो. जे शब्द म्हातारीला कळत नाहीत, ते संकटाच्या रात्री तिच्या उपयोगी पडणार नाहीत. ज्या ऋद्धिपुरात हे मराठी वाङ्मय सिद्ध झाले, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

त्यांच्या उत्तरायुष्यातच इसवी सन १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि यादवांचे राज्य हादरले. चौदाव्या शतकाच्या आरंभी आचार्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्यामागे बाइदेवबासांनी पंथाची धुरा घेतली. पुढच्या धामधुमीत, पंथीय परंपरेत जिला खालशाची धाड म्हणतात तिच्यात, लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. ग्रंथ गेला, परंतु ज्यांनी तो कंठगत केला होता त्यांच्यापाशी लीळा शिल्लक होत्या. हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. आचार्यांनी लावलेला स्मरणाचा नेम अशा रीतीने ग्रंथाच्याही संकटात उपयोगी पडला.

चरित्राचे तात्पर्य

या चरित्रात श्रीनागदेवांनी आपले संकट दूर व्हावे म्हणून केलेले मागणे मध्यवर्ती नाही, आणि ते दूर झालेही नाही. सर्वज्ञ परत आले नाहीत; असन्निधान संपले नाही. ज्याअर्थी संकट टळले नाही त्याअर्थी प्रार्थना निष्फळ, असा न्याय लावला तर पंथाच्या पहिल्या आचार्यांचे सारे जीवनच निष्फळ ठरेल. तसे ते नाही, हे त्यांच्यामागे उभी राहिलेली परंपरा सांगते. परमेश्वरापाशी मागावयाचे ते हेच, की या दुःखातही आपले स्मरण सुटू नये, आपला आचार मोडू नये, आणि दुसऱ्या दारी जाण्याची बुद्धी होऊ नये.

कोयनेच्या त्या पहाटेसंबंधी कोणी विचारील, की परमेश्वराला शरण गेलेल्यांची घरे पडली नाहीत काय? भूकंप घर पाहून येत नाही, आणि शरणागती हा भिंतीला लावलेला टेकू नव्हे. प्रपंच अनित्य आहे. त्यातील भिंत पडू शकते, ग्रंथ नष्ट होऊ शकतो, प्रत्यक्ष सन्निधानाचाही वियोग होऊ शकतो. हे सर्व पडल्यावर जीव कोणाचा होऊन राहतो, एवढाच प्रश्न शरणागतीने सुटतो. कोसळलेल्या वस्तीत त्याच दिवशी कोणाला तरी ढिगारे उपसावे लागले, जखमींना पाणी द्यावे लागले, उघड्यावर चूल मांडावी लागली. ज्याची प्रार्थना खरी, त्याचे हात अशा वेळी रिकामे राहत नाहीत.

म्हणून संकटात सापडलेल्या वासनिकाने प्रथम मनमोकळे दुःख करावे आणि ते परमेश्वरापुढेच करावे. नंतर आपल्याला पूर्वी काय सांगितले गेले आहे ते आठवावे, आणि त्यातील जे लहानसे कर्तव्य समोर असेल ते उठून करावे. उठवत नसेल तर सोबत्याचा हात धरावा. उत्तर येत नाही म्हणून नेम सोडू नये. आचार्य श्रीनागदेव याच वाटेने गेले, आणि ऋद्धिपुरास पोहोचले तेव्हा त्यांचे अश्रू अजून सुकलेले नव्हते.